कोटल्याचा स्तंभ आणि यमुनेतून नाहीसा झालेला शिकारी

३ मार्च २०२५ रोजी गीर येथे एक आकडा जाहीर झाला : ६,३२७. आपल्या देशातील नद्यांमध्ये राहणाऱ्या डॉल्फिनची ही पहिली व्यापक गणना. आठ राज्यांतील २८ नद्या आणि साडेआठ हजार किलोमीटरहून अधिक लांबीचे प्रवाह तपासून तो आकडा मिळाला. उत्तर प्रदेशात २,३९७, बिहारमध्ये २,२२०, पश्चिम बंगालमध्ये ८१५ आणि आसामात ६३५. या यादीत दिल्लीचे नाव नाही, आणि ते नसल्याचे कोणाला आश्चर्यही वाटले नाही.

आश्चर्य वाटायला हवे होते. नदीतल्या या प्राण्याला मारू नये असे सांगणारा, बहुधा जगातील सर्वांत जुन्या लेखी आदेशांपैकी एक आदेश दिल्लीतच, क्रिकेटच्या प्रसिद्ध मैदानाला लागून असलेल्या फिरोजशाह कोटल्यात उभा आहे. अवघ्या दीडशे वर्षांपूर्वीपर्यंत हा प्राणी दिल्लीच्या यमुनेत वावरत होता. आदेश राहिला आणि प्राणी गेला, हे कसे घडले? पदार्थविज्ञानाचा अभ्यासक म्हणून मला या प्रश्नाचे उत्तर त्या प्राण्याच्या शिकारीच्या पद्धतीत दिसते. तेच येथे क्रमाने मांडतो.

दगडावरचे नाव

कोटल्यातील स्तंभ सुमारे १३ मीटर उंचीचा, एकसंध वालुकाश्माचा आणि झिलई केलेला आहे. त्यावर सम्राट अशोकाचे सात लेख ब्राह्मी लिपीत कोरलेले आहेत. त्यांपैकी पाचवा लेख राज्याभिषेकाला २६ वर्षे पूर्ण झाल्यानंतरचा, म्हणजे इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या मध्याचा. त्यात अवध्य ठरवलेल्या प्राण्यांची यादी येते. पोपट, मैना, चक्रवाक, हंस, वटवाघूळ, कासव, साळिंदर अशी नावे एकामागून एक येतात आणि त्यांतच एक नाव आहे : ‘गंगापुपुटक’. हा शब्द अन्यत्र सहसा आढळत नाही, त्यामुळे त्याचा अर्थ संदर्भावरून लावावा लागतो. तो मासे आणि कासव यांच्या सोबतीने येतो, त्याच्या नावातच गंगा आहे, आणि म्हणून अनेक अभ्यासकांनी तो गंगेतील डॉल्फिन, म्हणजे उत्तर भारतातील कोळ्यांचा ‘सूंस’, असा ओळखला आहे. हे अनुमान आहे, परंतु सबळ अनुमान आहे.

या लेखातील आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जीवहत्या घडावी या हेतूने किंवा निष्कारण वनांना आग लावू नये, असे तो स्पष्ट सांगतो. म्हणजे जनावर वाचवायचे तर त्याचे रानही वाचवावे लागते, हे त्या राजाला कळले होते. पाण्याविषयी मात्र लेखात एवढेच आहे की ठरावीक तिथींना मासे मारू नयेत आणि विकू नयेत. नदीला हात लावू नये असे कोठेही म्हटलेले नाही. त्या काळी नदी आटवता येते ही कल्पनाच कोणाच्या मनात आली नसेल.

हा स्तंभ मूळचा दिल्लीचा नव्हे. तो आजच्या हरियाणातील यमुनानगर जिल्ह्यातील टोपरा या गावी होता. चौदाव्या शतकात सुलतान फिरोजशाह तुघलक याने तो आपल्या नव्या राजधानीत आणला. शम्स सिराज अफीफ या इतिहासकाराने त्या स्थलांतराचे तपशीलवार वर्णन केले आहे. स्तंभ कोसळताना भंगू नये म्हणून त्याच्याभोवती सावरीच्या कापसाचे ढीग रचण्यात आले. मग तो बोरू आणि कच्च्या कातड्यांत गुंडाळून ४२ चाकांच्या गाड्यावर चढवण्यात आला. हजारो माणसांनी दोर ओढून तो यमुनेच्या काठी नेला आणि तेथून मोठमोठ्या नावांवर लादून तो दिल्लीत आला. दगडावर काय लिहिले आहे हे त्या वेळी कोणालाच वाचता येत नव्हते. ज्या प्राण्याला अभय देणारी अक्षरे त्या नावांवर आडवी पडली होती, तो प्राणी त्याच नद्यांच्या पाण्यात श्वास घेण्यासाठी वर येत असे. ही अक्षरे पुन्हा वाचली जायला १८३७ साल उजाडले. कलकत्त्याच्या टांकसाळीतील अधिकारी जेम्स प्रिन्सेप याने ब्राह्मी लिपी उलगडली, तेव्हा दिल्लीचा हा स्तंभलेख त्याच्या हाती असलेल्या प्रमुख लेखांपैकी एक होता.

एकाच ग्रंथातील दोन शिकारी

याच सुमारास नव्हे, पण अशोकानंतर सुमारे तीनशे वर्षांनी, रोममध्ये थोरल्या प्लिनीने आपला निसर्गविषयक महाग्रंथ लिहिला. त्याच्या नवव्या भागात जलचरांचे वर्णन आहे आणि त्यात दोन नावे येतात. एक ‘ऑर्का’ : व्याललेल्या देवमाशांवर आणि त्यांच्या पिलांवर तुटून पडणारा, दातांचा अक्राळविक्राळ प्राणी. दुसरे ‘प्लाटानिस्टा’ : गंगेत राहणारा, डॉल्फिनसारखे तोंड आणि शेपटी असलेला मोठा मासा. पुढे जीवशास्त्रज्ञांनी ही दोन्ही नावे जपली. किलर व्हेलचे शास्त्रीय नाव ऑर्सिनस ऑर्का आणि आपल्या सूंसाचे प्लाटानिस्टा गँजेटिका.

दोघेही दात असलेल्या देवमाशांच्या गणातले. किलर व्हेल हा नावाने व्हेल असला तरी वंशाने डॉल्फिन, डॉल्फिन कुळातील सर्वांत मोठा प्राणी. सूंसाची शाखा त्या कुळापासून दोन कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळी झाली. हे दूरचे भाऊबंद दोन टोकांच्या पाण्यात गेले. एक ध्रुवीय समुद्रापासून विषुववृत्तापर्यंत, क्वचित आपल्या अरबी समुद्रात आणि अंदमानच्या पाण्यातही दिसणारा. दुसरा हिमालयातून गाळ घेऊन उतरणाऱ्या गढूळ नद्यांत कोंडलेला. शिकारीसाठी दोघांनाही एकाच साधनावर विसंबावे लागते, आणि ते साधन म्हणजे ध्वनी.

किलर व्हेलचे जीवन आपल्याला नीट समजू लागले ते १९७० च्या दशकात. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर मायकेल बिग या संशोधकाने पाठीवरच्या पराची ठेवण आणि त्यामागील करड्या डागाचा आकार यांची छायाचित्रे घेऊन एकेक प्राणी स्वतंत्रपणे ओळखण्याची पद्धत रूढ केली. त्यातून एक विलक्षण समाज उलगडला. तेथील मासेखाऊ किलर व्हेलमध्ये मुलगे आणि मुली जन्मभर आईसोबत राहतात. कळपाचे नेतृत्व वयस्क माद्यांकडे असते, आणि प्रजननाचे वय सरल्यावरही त्या अनेक वर्षे जगतात. रावस मासळी दुर्मीळ झालेल्या वर्षांत तर याच आजी कळपाच्या पुढे असतात. प्रत्येक कुळाची हाकांची बोली वेगळी असते, हे जॉन फोर्ड यांनी दाखवून दिले.

शिकारीच्या रीतीही अशाच, पिढीकडून पिढीकडे शिकवलेल्या. नॉर्वेच्या पाण्यात ते हेरिंग माशांच्या थव्याभोवती फेर धरून त्याला घट्ट गोळ्यासारखा आवळतात आणि शेपटीच्या फटक्याने मासे बधिर करून एकेक टिपतात. अंटार्क्टिकात चार-पाच जण खांद्याला खांदा लावून हिमखंडाकडे पोहत जातात आणि उठलेल्या लाटेने वर बसलेला सील पाण्यात ओढतात.

आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद गोष्ट वेगळीच आहे. कॅनडाच्या त्याच पाण्यात किलर व्हेलचे दोन समाज शेजारी शेजारी राहतात. एक केवळ मासे खातो, दुसरा सील आणि इतर सस्तन प्राणी. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की मासेखाऊ समाज शिकार करताना ध्वनीच्या टिचक्या, म्हणजे क्लिक, सतत सोडत राहतो. सस्तन प्राण्यांची शिकार करणारा समाज मात्र जवळपास मूक असतो, कारण सीलला आणि पॉरपॉइजला त्या टिचक्या ऐकू येतात. अशा शिकाऱ्यासाठी ऐकणे हेच शस्त्र. म्हणजे एकाच जातीतही ध्वनी किती वापरायचा हे भक्ष्य ठरवते. आता पाहू, सूंसाच्या बाबतीत ते नदी कशी ठरवते.

गढूळ पाण्यातील गणित

सूंसाच्या डोळ्यात भिंगच नसते. उजेड आहे की अंधार आणि उजेड कोणत्या बाजूने येतो, एवढेच त्याला कळत असावे. पुराच्या दिवसांत गंगेच्या पाण्यात हात बुडवला तर कोपर दिसत नाही. तेथे चांगले डोळे असून काय उपयोग? लांब, चिमट्यासारखी चोच, तोंड मिटले तरी बाहेर दिसणारे पुढचे दात आणि इतर बहुतेक डॉल्फिनना न जमणारी मानेची हालचाल, ही त्याची शिकारीची आयुधे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस सिंधू नदीतील त्याच्या भावंडाला सॅन फ्रान्सिस्कोच्या मत्स्यालयात नेण्यात आले, तेव्हा अर्ल हेराल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आणखी एक गोष्ट दिसली. हा प्राणी कुशीवर आडवा होऊन पोहतो, तळाला पराचा स्पर्श ठेवतो आणि डोके एकसारखे झुलवत राहतो. उथळ पाण्यात तळ चाचपत मासे शोधण्याची ही रीत.

त्या झुलणाऱ्या डोक्यातून टिचक्या निघतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार सूंसाच्या टिचकीची प्रमुख वारंवारता सुमारे ६० किलोहर्ट्झ आहे. माणसाला २० किलोहर्ट्झच्या वरचे ऐकू येत नाही. विद्यार्थिमित्रांनी पुढचे गणित स्वतः करून पाहावे. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर. त्याला ६०,००० ने भागले की तरंगलांबी येते अडीच सेंटिमीटर, साधारण लहान माशाच्या जाडीएवढी. मासा २० मीटरवर असेल तर ध्वनीला जाऊन-येऊन ४० मीटर कापावे लागतात आणि प्रतिध्वनी सुमारे २७ मिलिसेकंदांत परततो. पापणी लवायला त्याहून कितीतरी अधिक वेळ लागतो. त्या उत्तरातून दिशा, अंतर आणि हालचाल यांचा अर्थ लावून सूंस चोच वळवतो.

त्याच मोजमापांतून एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. सूंसाच्या टिचक्या समुद्रातील बहुतेक डॉल्फिनच्या टिचक्यांहून बऱ्याच क्षीण आहेत. नदीच्या गढूळपणात तर अधिक मोठ्याने ओरडावे लागेल, असे आपल्याला वाटेल. पण येथे भौतिकीतील एक साधा भेद उपयोगी पडतो. ऐकण्यात अडथळा दोन प्रकारचा असतो. एक बाहेरचा गोंगाट, आणि दुसरा स्वतःच्याच आवाजाचा निनाद. रिकाम्या दिवाणखान्यात कोणी वेगाने बोलू लागले तर शब्द एकमेकांत मिसळतात. तेथे मोठ्याने बोलून काही साधत नाही, कारण आवाज वाढवला की निनादही तितकाच वाढतो. उथळ नदी ही अशीच खोली आहे. वर पाण्याचा पृष्ठभाग, खाली वाळू, मध्ये ओंडके आणि बांबू, आणि त्या प्रत्येकावरून टिचकी परत येते. सूंसाने यावर जो उपाय साधला आहे तो असा : हळू बोलायचे, वरचेवर बोलायचे आणि जवळचेच ऐकायचे. त्याच्या कवटीवर हाडांच्या दोन कमानी कपाळाला वेढतात. अन्य कोणत्याही जिवंत देवमाशात त्या अशा आढळत नाहीत. ध्वनीचा झोत अरुंद ठेवण्यास त्या साहाय्य करत असाव्यात, असे मानले जाते.

या साऱ्याचा निष्कर्ष एका वाक्यात येतो. सूंसाच्या दृष्टीने पाण्याची खोली म्हणजे आपल्या दृष्टीने उजेड. पाणी जितके उथळ तितका निनाद दाट आणि तितके त्याचे जग धूसर. म्हणूनच कोरड्या ऋतूत तो नदीच्या डोहांत, संगमांजवळ आणि वळणांवरच्या भोवऱ्यांत गोळा होतो. तेथे पाणी खोल असते आणि मासेही तेथेच थांबतात. नदीतील डोह गेले, की तो ज्या जागी पाहू शकत होता ती जागाच जाते.

पाहणारे आणि नोंदवणारे

सूंस पाहून लिहून ठेवणाऱ्यांत बाबर हा पहिल्यांपैकी एक. हिंदुस्थानातील प्राण्यांचे वर्णन करताना त्याने ‘पाण्यातील डुक्कर’ या नावाने याची नोंद केली. तो एकाएकी वर येतो, डोके दिसते न दिसते तोच बुडतो, आणि खेळताना पखालीसारखा भासतो, असे तो सांगतो. शरयू नदीत त्याने त्यांना पाण्याबाहेर उसळताना पाहिले होते. अकबराच्या काळात या ग्रंथाच्या सचित्र प्रती तयार झाल्या. त्यांपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

मराठी वाचकाला यमुना आठवते ती पानिपतामुळे. १७६० च्या पावसाळ्यात पुराच्या याच यमुनेने भाऊसाहेबांची फौज आणि अब्दालीची फौज दोन काठांवर अडवून धरली होती. ऑक्टोबरात अब्दाली बागपतजवळ नदी उतरला आणि पुढचा इतिहास आपण जाणतो. लष्करांना महिनोन्‌महिने थोपवू शकणारी ती नदी किती भरलेली असेल, याचा अंदाज त्या एका घटनेवरून येतो.

शास्त्रीय नोंद त्यानंतरची. १८०१ साली विल्यम रॉक्सबर्ग याने कलकत्त्यातून या प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पण आपल्या कथेला निर्णायक वळण देणारे नाव जॉन अँडरसन याचे. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचा हा अधीक्षक. १८७० च्या दशकाच्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात सूंसाचा स्वतंत्र, विस्तृत अभ्यास आहे. सूंस कोणत्या नदीत कोठवर आढळतो हे नोंदवताना त्याने यमुनेविषयी लिहिले आहे की तो दिल्लीपर्यंत आढळतो, आणि तोही मे महिन्यात, नदी अगदी खाली गेलेली असताना.

मे महिन्याचा हा उल्लेख मला फार मोलाचा वाटतो. पुराच्या पाण्यासोबत एखादा प्राणी भरकटत वर येऊ शकतो. उन्हाळ्यात तो तेथे दिसतो याचा अर्थ तेथे डोह होते, मासे होते आणि तो तेथे नांदत होता.

पाणी कोठे गेले

आता पुन्हा फिरोजशाहाकडे वळू. ज्या सुलतानाने अभयाचा स्तंभ यमुनेतून दिल्लीत आणला, त्यानेच त्याच शतकात यमुनेचे पाणी कालव्याने हिसारकडे वळवले. हा दुष्टपणा नव्हता. हिसारचा प्रदेश कोरडा होता, आणि तेथे पाणी नेणे हे राजाचे पुण्यकर्म मानले गेले. तो कालवा पुढे गाळाने बुजला. शाहजहानच्या काळात अली मर्दानखानाने त्याचे पाणी दिल्ली शहरात खेळवले. तो पुन्हा बुजला आणि १८१७ नंतर कंपनी सरकारने त्याची दुरुस्ती करून तो नव्याने वाहता केला. हाच आजचा पश्चिम यमुना कालवा. पूर्व काठावरचा कालवा १८३० साली सुरू झाला. या जुन्या कालव्यांनी नदीतून वाटा घेतला तरी नदीत नदी शिल्लक होती. अँडरसनची नोंद त्याची साक्ष देते.

परिस्थिती पालटली ती पक्क्या बंधाऱ्यांनी. १८७४ साली आग्रा कालव्यासाठी ओखला येथे नदीवर आडवा बंधारा झाला. त्याच दशकात वर ताजेवाला येथे पाणी वळवण्याची पक्की व्यवस्था झाली. तिची जागा विसाव्या शतकाच्या अखेरीस हथनीकुंडच्या बराजने घेतली. १९५९ साली वजिराबादचा बराज झाला. प्रत्येक बंधाऱ्याने दोन कामे केली. कोरड्या महिन्यांतील बहुतेक पाणी शेतांकडे आणि शहरांकडे वळवले, आणि नदीचे तुकडे केले. डॉल्फिनचा एखादा गट दोन भिंतींमध्ये अडकला आणि मधले डोह आटले, तर त्याला दुसरीकडे जाता येत नाही आणि दुसरीकडून कोणी येऊ शकत नाही.

वजिराबादच्या खाली आज उन्हाळ्यात नदीपात्रात जे वाहते त्यात मुख्य वाटा नाल्यांचा असतो. वजिराबाद ते ओखला हा सुमारे २२ किलोमीटरचा पट्टा यमुनेच्या लांबीच्या दोन टक्क्यांहूनही कमी आहे, पण नदीतील प्रदूषणाचा सुमारे ८० टक्के भार तेथेच पडतो. यमुनेत सूंस पुन्हा भेटतो तो दिल्लीपासून शेकडो किलोमीटर खाली, चंबळ येऊन मिळाल्यावर. यमुनेला पाणी आणि खोली परत देणारी ती नदी आहे.

सूंस मारला गेला नाही असे नाही. बिहार आणि आसामात त्याच्या चरबीचे तेल विशिष्ट मासे पकडण्यासाठी आमिष म्हणून वापरले जाई, आणि जाळ्यात अडकून आजही तो मरतो. परंतु दिल्लीतून तो नाहीसा होण्यासाठी एकाही भाल्याची गरज नव्हती. पाणी काढून घेणे पुरेसे होते. त्या पाण्यावर आपली गव्हाची शेते उभी राहिली आणि माझ्यासारख्या लाखो स्थलांतरितांच्या घरातील नळ वाहू लागले. म्हणून या इतिहासात बोट दाखवायला कोणी परका खलनायक सापडत नाही.

दूरच्या भावाची साक्ष

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवरील समुद्रात मासेखाऊ किलर व्हेलचा एक समाज राहतो. १९६० आणि ७० च्या दशकांत मत्स्यालयांसाठी त्यांतील अनेक पिले पकडून नेण्यात आली. ती धरपकड थांबली. २००५ साली अमेरिकेने त्यांना संकटग्रस्त म्हणून कायद्याचे संरक्षण दिले. तरी त्यांची संख्या आजही ७५ च्या आसपासच घुटमळते. चिनूक नावाचा रावस हे त्यांचे मुख्य अन्न, आणि तो ज्या नद्यांत अंडी घालायला जातो त्यांवर धरणे आहेत. शिवाय जहाजांचा गोंगाट. शांत पाण्यात हा शिकारी सुमारे १०० मीटरवरचा चिनूक टिपू शकतो, असे गणित मांडले गेले आहे. गोंगाट वाढला की हे अंतर घटते. बोटींचा आवाज जितक्या डेसिबलने वाढतो, जवळपास तितक्याच डेसिबलने हे किलर व्हेल आपल्या हाका चढवतात, असे २००९ साली आढळून आले.

समुद्रात आवाज चढवण्याची सोय आहे. उथळ नदीत, वर पाहिल्याप्रमाणे, तीही नाही. गोंगाटावर मात करायला आवाज वाढवावा तर निनाद वाढतो, आणि हळू बोलावे तर गोंगाट शब्द गिळतो. मयूख डे, जगदीश कृष्णस्वामी, तादामिची मोरिसाका आणि नचिकेत केळकर यांनी गंगेतील सूंसांचा अभ्यास करून २०१९ साली हेच दाखवले : पाणी उथळ असताना यांत्रिक बोटींची वर्दळ वाढली की त्यांचे ध्वनिवर्तन मोठ्या प्रमाणावर बदलते आणि शरीरावरील ऊर्जेचा ताण वाढतो. २०१६ च्या कायद्याने देशातील १११ प्रवाह राष्ट्रीय जलमार्ग ठरले आहेत. त्यांत गंगा तर आहेच, यमुनाही आहे.

आकड्याशेजारी आणखी एक आकडा

कायद्यात आपण कमी पडलो नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सूंसाला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले. १९९१ साली बिहारमध्ये सुलतानगंज ते कहलगाव या पट्ट्यात विक्रमशिला अभयारण्य झाले. ५ ऑक्टोबर २००९ रोजी तो राष्ट्रीय जलचर ठरला. २०२० साली प्रोजेक्ट डॉल्फिनची घोषणा झाली. १८ डिसेंबर २०२४ रोजी आसामच्या कुलसी नदीत एका नर सूंसावर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवण्यात आले आणि त्याच्या प्रवासाचा माग प्रथमच आकाशातून काढता येऊ लागला. ही प्रगती खरी आहे आणि तिचे श्रेय संबंधितांना दिलेच पाहिजे.

तरीही हे सारे संरक्षण मुख्यतः प्राण्याच्या देहाचे आहे. कोटल्याच्या लेखातही तेच होते. देहाचे रक्षण करूनही दिल्लीचा सूंस वाचला नसता, कारण त्याला मारणारी गोष्ट देहाला शिवलीच नाही. ज्या पाण्यातून तो ऐकतो ते पाणीच निघून गेले. म्हणून माझी सूचना साधी आहे. पुढील प्रत्येक गणनेचा आकडा सांगताना त्या त्या पट्ट्यात मे महिन्यात पाण्याची किमान खोली किती होती, हा आकडाही शेजारच्या रकान्यात लोकांसमोर ठेवला जावा. पहिला आकडा आज किती प्राणी आहेत ते सांगेल आणि दुसरा उद्या किती राहू शकतील ते.

राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील विद्यार्थ्यांना हा विषय पुस्तकातूनच शिकावा लागेल असे नाही. या क्षेत्राची पूर्व सीमा गंगेला भिडते. दिल्लीपासून सुमारे १०० किलोमीटरवर गढमुक्तेश्वरचा ब्रजघाट आहे. तेथून नरोऱ्यापर्यंतचा गंगेचा पट्टा २००५ पासून रामसर स्थळांच्या यादीत आहे, आणि वरचा बिजनौरचा बराज व खालचा नरोऱ्याचा बराज यांच्या मध्ये सूंसांचा एक लहानसा समूह अजून तग धरून आहे. मागच्या हिवाळ्यात मी एका सकाळी तेथे गेलो होतो. धुके होते, त्यामुळे आधी दिसले काहीच नाही. ऐकू आला तो श्वास, कोणी नाक शिंकरावे तसा छोटा, ओला फुत्कार. ‘सूंस’ हे नाव त्या आवाजावरूनच पडले असे सांगतात. मग चोच, करडी पाठ आणि पुन्हा सपाट पाणी. घड्याळ लावून मी दोन श्वासांमधले अंतर मोजले. कधी अर्धे मिनिट, कधी दीड मिनिट. थोड्या वेळाने घाटावरची एक यांत्रिक बोट सुरू झाली. त्यानंतरचा श्वास बराच दूर, पलीकडच्या काठाजवळ ऐकू आला.

परतल्यावर मी कोटल्यात गेलो. तो गुरुवार होता. गुरुवारी तेथे माणसे येतात, पडक्या कमानींत दिवे आणि उदबत्त्या लावतात आणि तेथील जिन्नांच्या नावाने आपली गाऱ्हाणी कागदावर लिहून ठेवतात. नोकरी, आजारपण, कोर्टातला खटला. एकेकाळी यमुना या कोटाच्या तटाला लागून वाहत असे. आता ती पूर्वेकडे सरकली आहे आणि मध्ये रिंग रोड आहे. वर स्तंभ उभा होता आणि उतरत्या उन्हात त्याची झिलई अजूनही चमकत होती. तळाशी उभे राहून अक्षरे वाचता येत नाहीत, ती फार उंचावर आहेत. ज्याच्यासाठी ती कोरली गेली त्याचे गाऱ्हाणे त्या कागदांत कोणी लिहिलेले नसणार. ते आपल्यालाच लिहावे लागेल आणि योग्य कचेरीत नेऊन द्यावे लागेल.